साप, पाल, कासव यांच्याकडनं माणसाला जंत होतात का? (घरात वाद पेटलाय)

कळंबावाला
मंडळी, सध्या आमच्याकडं रोज या एकाच विषयावर ताटं गार होतायत, म्हणून इथं टाकतोय.

आमचं घर कळंब्याच्या अलीकडं, मागं सगळा ऊस. पाऊस लागला की धामण, दिवड, नानेटी ही नेहमीची पाहुणी. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, पण जीव सापांत. एका जाणत्या सर्पमित्रांबरोबर कॉलवर जातो. रात्र झाली तर बिनविषारी साप पिशवीत घालून घरी आणतो आणि सकाळी वनखात्याला कळवून सोडून येतो. परवा पठ्ठ्यानं पिशवी ठेवली ती थेट स्वयंपाकाच्या कट्ट्याखाली. आत्तीनं बघितली.

आत्तीला साप चावेल याची भीती नाही. तिनं मोबाइलवर ऑस्ट्रेलियातली ती बातमी वाचलीय, बाईच्या मेंदूतून ८ सेंटिमीटरची जिवंत अळी काढली आणि ती अजगराच्या पोटातल्या जंताची निघाली. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक प्राण्याची झडती चाललीय. धाकटीचं दुकानातनं आणलेलं लाल कानाचं कासव, माळ्यावरचं मांजर, भिंतीवरची पाल, सगळे आरोपी. त्यात वहिनींना पाचवा महिना, म्हणजे मांजराला तर हद्दपारीची नोटीसच. गोठ्याजवळ राखणीला कुत्रं आहे, पण त्याच्याबद्दल कुणाची काही तक्रार नाही.

खरं काय आणि उगाच भीती कुठली, जाणकारांनी सांगावं.

भडंग_बहाद्दर
आत्तींना सांगा, डोक्यात किडा असणं कोल्हापुरात काही नवीन नाही. अर्ध्या पेठेच्या डोक्यात वळवळतोय. 😄

सूक्ष्मदर्शी
मी प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्राचं काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

बातमी खरी आहे. बाई ६४ वर्षांच्या, न्यू साऊथ वेल्समधल्या. शस्त्रक्रिया जून २०२२ मध्ये कॅनबेराला झाली आणि प्रकरण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. जंत होता ऑफिडास्कॅरिस रॉबर्टसी, तिकडच्या कार्पेट पायथनच्या पोटात राहणारा. माणसात तो सापडल्याची ती जगातली पहिली नोंद.

पण आत्तींना मधला भाग सांगा. त्या बाईंनी सापाला हातही लावला नव्हता. घराजवळच्या तळ्याकाठची रानभाजी त्या खुडून आणायच्या. अजगराच्या विष्ठेतून जंताची अंडी त्या पाल्यावर आली असावीत आणि तिथून हाताला किंवा भांड्याला लागून पोटात गेली असावीत, असा डॉक्टरांचा निष्कर्ष. एरवी ती अंडी उंदरासारखे छोटे प्राणी खातात, त्यांच्या अंगात अळ्या वाढतात आणि तो प्राणी सापानं गिळला की चक्र पुरं होतं. बाई त्या चक्रात चुकून शिरल्या. शिवाय त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू होती, त्यामुळं अळीला अंगात फिरायला मोकळं रान मिळालं. आधी पोटदुखी, जुलाब, कोरडा खोकला, रात्री घाम; पुढं विसरभोळेपणा आणि उदासी. तेव्हा कुठं एमआरआय झाला.

हा साप आपल्याकडं नाही. त्यामुळं या बातमीवरनं पुतण्याला घराबाहेर काढायचं कारण नाही. रानभाजी धुण्याचं कारण मात्र नक्की आहे.

सापाकडून माणसात येणारं आणखी एक प्रकरण आहे, आर्मिलिफर. दिसायला अळी, पण शास्त्रज्ञ त्याला खेकडा-कोळंबीच्या कुळात घालतात. मोठ्या सापांच्या फुप्फुसात राहतो. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत सापाचं मांस खाल्लं जातं, तिथं याच्या केसेस जास्त. कच्चं राहिलेलं मांस, सापाच्या स्रावानं खराब झालेलं पाणी, साप सोलल्यावर न धुतलेले हात या वाटेनं अंडी पोटात जातात. बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. भलत्याच कारणासाठी एक्स-रे काढला की पोटात चंद्रकोरीसारखे कॅल्शियमचे ठिपके दिसतात आणि डॉक्टर बुचकळ्यात पडतात.

पिशवी_आणि_हूक
मी कागल भागात साप पकडतो. पुतण्याला माझा निरोप द्या.

साप घाबरला की घाण सोडतो, खाल्लेलं ओकतो. ते हाताला, पिशवीला, पँटला लागतंच. काम झालं की साबणानं हात कोपरापर्यंत धुवायचे. पिशवी वेगळ्या बादलीत गरम पाण्यात टाकायची आणि उन्हात वाळवायची. पिशवीची जागा अंगणात किंवा गोठ्यात, कट्ट्याखाली नाही. नुसतं सॅनिटायझर चोळून वडापाव खाणारी पोरं बघितलीत मी. सॅनिटायझरनं जंताची अंडी मरत नाहीत.

सापाच्या खवल्यांत पिसूसारखे बारीक काळे किडे असतात, ते माणसालाही चावतात, अंगाला खाज सुटते. रानातल्या सापाला गोचिडीही असतात.

आणि रील काढायला सापाचा मुका घेणं बंद करा म्हणावं. बत्तीस शिराळ्याला जिवंत नागांची मिरवणूक २०१४ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानं थांबली, ती सापांचे हाल होतात म्हणून. आता तोच तमाशा मोबाइलवर चाललाय. विषारी साप तर एक रात्रसुद्धा घरी ठेवायचा नाही, मग कितीही उशीर होऊदे.

वेदगंगा
आमच्या भुदरगडकडं जुनी माणसं कंबरदुखीवर आणि दम्यावर घोरपडीचं रक्त प्यायची. आबा अजून सांगतात की "पाठीला ताकद येते". अजूनही चोरून कोण कोण करतं असं कानावर येतं. त्यातनं काय होतं?

सूक्ष्मदर्शी
वेदगंगा, चांगलं विचारलंत. सरपटणाऱ्या प्राण्यांकडून जो खरा धोका आहे तो इथं आहे, औषध म्हणून कच्चं खाण्यात.

उंदराच्या फुप्फुसात अँजिओस्ट्राँगायलस नावाचा जंत असतो. उंदराच्या लेंडीतून तो गोगलगायीत जातो. गोगलगाय खाणाऱ्या घोरपडीच्या मांसात त्याच्या अळ्या जिवंत राहतात. माणसानं ते मांस कच्चं खाल्लं की अळ्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतात. भयंकर डोकेदुखी, उलट्या, मान आखडणं. केरळमध्ये दम्यावर उपाय म्हणून घोरपड कच्ची खाल्लेल्या माणसांत हा मेंदूज्वर नोंदवला गेलाय. दमा तिथला तिथंच.

दुसरा स्पार्गॅनम. हा मांजर-कुत्र्याच्या पोटातल्या एका चपट्या जंताची अळी. आधी पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक जीवात, मग बेडकात, सापात. माणसाच्या कातडीखाली गाठ येते आणि ती गाठ जागा बदलते. पॅट्रिक मॅन्सन यांनी १८८२ साली चीनमधल्या अमॉय इथं एका शवविच्छेदनात याची पहिली नोंद केली. पूर्व आशियात बेडकाचं ताजं मांस दुखऱ्या डोळ्यावर बांधायची पद्धत होती, अळी तिथून सरळ डोळ्यात. न गाळलेल्या पाण्यातनंही येते. इथल्या जुन्या लोकांना नारू हा जंत आठवत असेल, तोही सायक्लॉप्समधूनच यायचा. भारत फेब्रुवारी २००० मध्ये नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला, तो मुख्यतः पाणी गाळून पिण्यामुळं आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्यामुळं. त्यावर लस किंवा गोळी नव्हतीच.

पिशवी_आणि_हूक
आबांना हेही सांगा, घोरपड वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. कमीत कमी ३ वर्षं आत, जास्तीत जास्त ७. आणि तांत्रिक लोक "हत्थाजोडी" म्हणून जी मुळी विकतात ती मुळी-बिळी काही नसते. नर घोरपडीचं वाळवलेलं लिंग असतं ते. देव्हाऱ्यात ठेवून लोक त्याला शेंदूर लावतात!

भडंग_बहाद्दर
सकाळी सकाळी हे वाचायला नको होतं.

गुरांचा_डॉक्टर
सगळा धागा वाचला. साप, घोरपड, अजगर, सगळं झालं. आता मूळ पोस्टमधलं एक वाक्य परत वाचा: "राखणीला कुत्रं आहे, पण त्याच्याबद्दल कुणाची काही तक्रार नाही."

माझी आहे.

मी पशुवैद्य आहे. जिल्ह्यात बरीच वर्षं फिरतोय. सापाच्या जंतानं आजारी पडलेला माणूस माझ्या ऐकण्यातही नाही. कुत्र्याच्या जंतानं पोट फाडायची वेळ आलेली माणसं मात्र माहितीतली आहेत. त्या आजाराचं नाव हायडॅटिड.

कुत्र्याच्या आतड्यात इकायनोकॉकस नावाचा जंत असतो, लांबी जेमतेम २ ते ७ मिलिमीटर. कुत्र्याला काही होत नाही. ते खातं-पितं, भुंकतं, शेपूट हलवतं. त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि गवतावर, मातीत, कुत्र्याच्या केसांवर बसतात. गारव्यात आणि ओलाव्यात महिनोन्‌महिने टिकतात. मेंढरानं गवताबरोबर अंडं खाल्लं की त्याच्या काळजात (म्हणजे लिव्हरमध्ये) किंवा फुप्फुसात पाण्यानं भरलेला पांढुरका फुगा तयार होतो. ते मेंढरू कापलं आणि फुगा असलेलं काळीज कुत्र्याला टाकलं की कुत्र्याच्या पोटात पुन्हा हजारो जंत.

माणूस या चक्रात मेंढराच्या जागी येतो. कुत्र्याला कुरवाळलं, त्याच हातानं भाकरी मोडली. बांधावरची कोथिंबीर न धुता खाल्ली. पोरानं कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून मुका घेतला. अंडं पोटात गेलं की साधारण ७० टक्के लोकांत गाठ लिव्हरमध्ये होते, २० टक्क्यांच्या आसपास फुप्फुसात. ती हळूहळू वाढते, वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. उजव्या बरगडीखाली जड वाटतं, लोक पित्ताच्या गोळ्या खात बसतात, आणि मुतखड्यासाठी सोनोग्राफी केली की गाठ दिसते. त्या गाठीत कुणी अंदाजानं सुई घालायची नसते. ती आत फुटली तर जीवघेणी ॲलर्जी येऊ शकते आणि आतलं बी पोटभर पसरतं. उपचार आहेत, अल्बेंडाझोलच्या गोळ्या, काही गाठींवर सोनोग्राफीत बघत सुईनं करायची खास पद्धत, नाहीतर ऑपरेशन. कोणत्या गाठीला काय, हे तज्ज्ञ ठरवतात.

आता आपल्याकडचं बघा. पट्टणकोडोलीपासून आजऱ्यापर्यंत मेंढरांचे कळप आणि प्रत्येक कळपामागं कुत्री. आषाढात टेंबलाईला नवं पाणी घालायचं निमित्त, गल्लोगल्ली जत्रा, पी-ढबाक वाजतंय, बकरी पडतायत. कापणाऱ्याला काळजावर फोड दिसतो. तो चांगला माणूस असतो, तेवढा भाग गिऱ्हाइकाला देत नाही, कापून बाजूला टाकतो. बाजूला कोण बसलेलं असतं?

मटण खाऊन हा रोग होत नाही, फोड असलेलं काळीज चुकून खाल्लं तरी नाही. होतो तो कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यातनंच. म्हणून शाकाहारी माणसालाही होतो. हे सांगितलं की लोकांचा विश्वास बसत नाही.

झणझणीत_वहिनी
डॉक्टर, म्हणजे रक्ती-मुंडी आणि वजडीला धोका नाही ना? तेवढं स्पष्ट लिहा, घरात माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत.

गुरांचा_डॉक्टर
नीट शिजवलेल्या कशालाच नाही. पांढऱ्या रश्श्याचं मटण जितका वेळ चुलीवर असतं, त्यात एकही जंत टिकत नाही. कच्चं मटण चिरलेल्या सुरीनं लगेच काकडी-कांदा कापू नका, एवढंच.

तालमीतला
आमच्या गंगावेशच्या दूध कट्ट्यावरपण आता बोट ठेवणार काय? म्हशीची धार डोळ्यासमोर ग्लासात पडते, फेसासकट. आजा प्यायला, बाप प्यायला, आम्ही पितोय. काही झालं नाही.

गुरांचा_डॉक्टर
तालमीतले भाऊ, मीही कोल्हापूरचाच. धारोष्ण दुधाची चव नाकारत नाही. पण कच्च्या दुधातून ब्रुसेला आणि टीबी येऊ शकतात. ते जंत नव्हेत, जिवाणू आहेत, म्हणून या धाग्यात त्यांचा विषय वाढवत नाही. गर्भार बाई, लहान मूल आणि आजारी माणूस यांना तरी उकळलेलंच द्या.

तालमीतला
मान्य नाही. पण वहिनींना उकळून देऊ.

सूक्ष्मदर्शी
आता मांजराचा खटला.

मांजराकडून येणारा टॉक्सोप्लाझ्मा हा एकपेशीय परजीवी. गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर बाळापर्यंत जाऊ शकतो, ही भीती खरी आहे. पण मांजर आयुष्यात बहुधा एकदाच, १ ते ३ आठवडे त्याची अंडी बाहेर टाकतं, तेही उंदीर-पाखरं किंवा कच्चं मांस खाऊन पहिल्यांदा लागण झाल्यावर. आणि ताज्या विष्ठेतली अंडी लगेच लागण करत नाहीत, त्यांना १ ते ५ दिवस लागतात. म्हणून मांजराची घाण रोजच्या रोज काढली, ती वहिनींनी न काढता दुसऱ्या कुणी काढली, की मोठा भाग सुटला. वहिनींनी कुंडीत-परड्यात हात घालताना मोजे घालावेत, मांजर तिथंच घाण करतं. मटण पूर्ण शिजलेलं खावं. मांजराला कच्चं मटण घालू नये. मांजर मांडीवर बसल्यानं काही होत नाही. मांजर राहू द्या.

एक तक्रारही करून घेते. गर्भपात झाला की टॉर्च नावाची महागडी तपासणी लिहून द्यायची आणि मांजराला दोषी ठरवायचं, ही रीत अजून चालू आहे. वारंवार गर्भपात होण्यामागं टॉक्सो हे कारण क्वचितच असतं. आमच्याकडं रिपोर्ट घेऊन रडत आलेल्या बायका बघते तेव्हा राग येतो. मागची जुनी लागण दाखवणारी अँटिबॉडी कितीतरी लोकांत सापडते, तिला आजार समजायचं नसतं.

कासवाचं थोडक्यात. त्याच्याकडून भीती साल्मोनेलाची, तोही जिवाणूच. अमेरिकेत १९७५ पासून ४ इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं विकायला बंदी आहे, कारण पोरं ती तोंडात घालायची. पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर कासव नको. टाकीचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका. दुधात पडलेल्या पालीचंही तेच, पाल विषारी नसते, पण दूध टाकून द्या.

पिशवी_आणि_हूक
आणि कंटाळा आला म्हणून ते कासव रंकाळ्यात सोडू नका! परदेशी जात आहे, देशी कासवांच्या वाट्याचं खाऊन बसतं. दुकानात चांदण्यांची नक्षी असलेलं देशी कासव कुणी देऊ केलं तर घेऊच नका, ते बेकायदा आहे.

तारकर्ली_रिटर्न
थोडं अवांतर. मालवणहून आल्यावर तळपायाला नागमोडी लाल रेघ उठलीय, रोज थोडी पुढं सरकते, रात्री खाजून झोप नाही. नागीण म्हणून एकानं मंत्र मारून काव लावली.

सूक्ष्मदर्शी
वर्णनावरून कुत्र्या-मांजराच्या अंकुशजंताची अळी वाटते. वाळूत कुत्री घाण करतात, अळी अनवाणी पायातनं शिरते, पण माणसाच्या कातडीतून खाली जाता येत नाही म्हणून तिथंच रस्ता काढत फिरते. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, औषधानं लवकर जाते. बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर खेळणाऱ्या पोरांनाही होते. काव धुवून टाका.

झणझणीत_वहिनी
शाळेत फेब्रुवारीत जंताची गोळी देतात, ती घेतली की हायडॅटिडचंपण काम होतं का?

सूक्ष्मदर्शी
नाही. १० फेब्रुवारीची ती अल्बेंडाझोलची एक गोळी पोटातल्या गोल, चाबूक आणि अंकुश जंतांसाठी. ती जरूर द्या. हायडॅटिडला तेच औषध महिनोन्‌महिने, डॉक्टरांच्या देखरेखीत आणि लिव्हरच्या तपासण्या करत घ्यावं लागतं.

कळंबावाला
सगळ्यांचे आभार. सगळा धागा आत्तीला वाचून दाखवला. मांजराची नोटीस रद्द, पिशवी गोठ्यात गेली. पण आता आत्ती कुत्र्याकडं बघून ओरडायलीय. डॉक्टर, कुत्र्याला नेमकं काय करायचं? आणि पुढच्या महिन्यात आमच्या गल्लीची जत्रा आहे.

गुरांचा_डॉक्टर
कुत्र्यावर ओरडू नका, त्याला प्राझिक्वांटेल द्या. वजनावर डोस असतो, जवळच्या पशुवैद्याकडून घ्या, घरातली माणसांची गोळी मोडून देऊ नका. मेंढरांत किंवा कापणीच्या जागी फिरणारं कुत्रं असेल तर दर सहा आठवड्यांनी, कारण पुन्हा लागण झाली तर तेवढ्याच दिवसांत नवा जंत अंडी घालायला लागतो. गोळीनं जंत मरतो, अंडी मरत नाहीत. म्हणून पुढचे दोन-तीन दिवस विष्ठा गोळा करून जाळा नाहीतर खोल पुरा. पिलं असतील तर त्यांचं जंताचं औषध वेगळं, तेही विचारा.

आइसलँडमध्ये एके काळी हा रोग घरोघरी होता. १८६४ साली तिथं एक साधी पुस्तिका लिहून घराघरांत फुकट वाटली: कुत्र्याला कच्चं काळीज घालू नका, फोड जाळा किंवा पुरा. पुढं कुत्र्यांना औषध देण्याचे नियमही आले. आज तिथं हा रोग नाही. आपल्याकडं गल्लीच्या कमिटीनं मनावर घेतलं तरी पुष्कळ होईल.

कळंबावाला
कमिटीत विषय काढतो. खड्डा कुणाच्या परड्यात काढायचा यावरनं आधी भांडण होणार हे लिहून घ्या.

तालमीतला
तालमीच्या मागं काढा. किती खोल पाहिजे?

गुरांचा_डॉक्टर
कुत्र्याला उकरता येणार नाही इतका, चारेक फूट. वर चुना आणि मोठे धोंडे. विहीर किंवा बोअर जवळ नको. आणि खड्डा जमलाच नाही तर फोड आलेलं काळीज-फुप्फुस अर्धा तास खळाखळा उकळा, मग कुत्र्याला घातलं तरी चालतं.